वीरचरित्र कीं वीरकथा ?

चरित्र हा वाङ्मयप्रकार वाचकाच्या विश्वासावर जगतो. कादंबरी हातीं घेतांना वाचक लेखकाशीं एक मुका करार करीत असतो. जें सांगितलें जाणार आहे तें घडलेलें नाहीं हें त्याला ठाऊक असतें, आणि ठाऊक असूनहि तो हंसतो व रडतो. चरित्राचा करार याच्या अगदीं उलट आहे. तेथें वाचक म्हणतो, 'मला पडताळा पाहण्यास जातां येत नाहीं. तुम्ही जाऊन आलां आहांत. तेव्हां तुमच्या शब्दावर मी विसंबतों.' कादंबरी फसली तर एक पुस्तक फुकट जातें. चरित्र फसवें निघालें तर काय काय जातें, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि त्यासाठीं आम्हीं जें पुस्तक निवडलें आहे तें परदेशांतलें व जुनें असलें तरी त्यापासून घ्यावयाचा धडा शिळा झालेला नाहीं, अशी आमची समजूत आहे.

पुस्तकाचें नांव 'फॉर एव्हरी टिअर अ व्हिक्टरी', म्हणजे प्रत्येक अश्रूमागें एक विजय. लेखक हार्टझेल स्पेन्स, प्रकाशन न्यूयॉर्कचें, साल १९६४. चरित्रनायक फर्डिनांड मार्कोस, जे पुढल्याच वर्षीं फिलिपाइन्सचे अध्यक्ष निवडून आले. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत हा ग्रंथ आम्हांस मिळाला, आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या वाचनांत आम्ही त्यांत रमलों. लहानपणीं बक्षीस म्हणून मिळालेल्या वीरचरित्रांवर आमचा पिंड पोसलेला. परकी सत्ता, डोंगर, रान, मूठभर सोबती व एक शूर पुरुष, एवढी सामुग्री जमली कीं आमच्यांतील प्राध्यापक झोंपीं जातो व शाळकरी मुलगा जागा होतो. पुस्तक मिटल्यावर प्राध्यापकाला जाग आली. त्यानें जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

ज्या भूमीवर ही कथा घडते तिचा थोडा परिचय करून देणें अवश्य आहे. फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तीन शतकांहून अधिक काळ स्पेनच्या अमलाखालीं राहून १८९८ सालीं तो अमेरिकेच्या हातीं गेला. १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें त्यावर स्वारी केली. अमेरिकन व फिलिपिनो सैन्य मनिला शहर सोडून बाटान द्वीपकल्पांत मागें हटलें. उपासमार व हिवताप यांच्याशीं झुंजत तें तेथें १९४२ च्या जानेवारीपासून तीन महिने टिकलें व ९ एप्रिल रोजीं शरण गेलें. कैद झालेल्या हजारों शिपायांना भर उन्हांतून पायीं चालविण्यांत आलें. वाटेंत इतके मेले कीं त्या वाटचालीला 'मृत्युयात्रा' असेंच नांव पडलें. परंतु सैन्य शरण गेलें तरी देश शरण गेला नाहीं. बेटाबेटांवर गनिमी टोळ्या उभ्या राहिल्या. सैन्यांतून निसटलेले शिपाई, शाळामास्तर, वकील, शेतकरी, मोटारींचे कारागीर, घरोघरच्या बायका, अशा सर्व थरांतील माणसांनीं जपान्यांविरुद्ध हें युद्ध चालू ठेवलें. १९४४ च्या ऑक्टोबरांत जनरल मॅक्आर्थर लेटे बेटावर उतरले, तेव्हां हीच माणसें त्यांचे हेर, वाटाडे व सैनिक झालीं. वीरचरित्राला याहून कसदार भूमि कोणती मिळणार ?

स्पेन्स हे कांहीं हलक्या दर्जाचे लेखक नव्हेत. १९४० सालीं त्यांनीं आपल्या वडिलांचें, एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाचें, चरित्र 'वन फूट इन हेवन' या नांवानें लिहिलें होतें. तें लोकांना फार आवडलें व दुसऱ्याच वर्षीं त्यावर चित्रपटहि निघाला. महायुद्धाच्या काळांत अमेरिकन शिपायांसाठीं निघणाऱ्या 'यँक' या साप्ताहिकाच्या संपादकवर्गांत ते प्रमुख होते. म्हणजे चरित्र कसें लिहावें हें त्यांना ठाऊक होतें, आणि शिपाई कसा बोलतो हेंहि ठाऊक होतें. अशा लेखकाच्या हातून हें पुस्तक कसें उतरलें, हाच खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

कथा थोडक्यांत अशी. नायकाचा जन्म १९१७ सालीं लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील इलोकोस भागांत होतो. १९३५ सालीं त्याच्या वडिलांच्या राजकीय प्रतिस्पर्ध्याचा खून होतो, व कायद्याचा विद्यार्थी असलेल्या या तरुणावर पुढें त्याचा आरोप येतो. खटला डोक्यावर असतांनाच तो वकिलीची परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होतो, खालच्या न्यायालयांत दोषी ठरतो, आणि १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें स्वतःची बाजू मांडून निर्दोष सुटतो. एवढा भाग इतिहासाला धरून आहे, व तो आहे तसाच विलक्षण आहे. त्यापुढें युद्ध येतें. नायक बाटानवर असामान्य पराक्रम गाजवितो, कैद होतो, सुटतो, आणि 'आंग मंगा महार्लिका' नांवाची गनिमी सेना उभारतो. या सेनेंत आठ हजारांहून अधिक माणसें होतीं असा दावा होता. युद्ध संपतें तेव्हां नायकाच्या छातीवर इतकीं पदकें असतात कीं त्याच्या देशांत तितकीं दुसऱ्या कोणाच्याच छातीवर नाहींत.

आतां कागदपत्रांकडे वळण्यापूर्वीं केवळ वाङ्मयाच्या दृष्टीनें या कथेकडे पाहूं. आमचें म्हणणें असें आहे कीं, एकहि सरकारी दप्तर न उघडतां चाणाक्ष वाचकाला या पुस्तकाचा संशय यावा, इतका पुरावा त्याच्या रचनेंतच पडलेला आहे.

पहिली गोष्ट भयाची. नायकाला बिशप आग्लिपाय यांच्याकडून एक ताईत मिळाला होता, व बाटानच्या लढाईपूर्वीं तो त्याच्या पाठीच्या कातड्याखालीं बसविण्यांत आला, अशी हकीकत या ग्रंथांत आहे. अशा ताइताला तिकडे 'अंतिंग-अंतिंग' म्हणतात. लोकसमजूत म्हणून तिची नोंद झाली असती तर आमची कांहींच तक्रार नव्हती; कोणत्याहि देशांतील शिपायाच्या गळ्यांत कांहींतरी बांधलेलें असतेंच. पण येथें ताईत ही नोंद राहत नाहीं, ती कथेची प्रकृति बनते. ज्याला गोळी लागणारच नाहीं त्यानें गोळीपुढें जाण्यांत शौर्य तें कोणतें ? कर्ण आपलीं कवचकुंडलें उतरून देतो तेव्हां तो आमच्या मनांत मोठा होतो. हा नायक तीं कातड्याखालीं शिवून घेतो, आणि तरीहि चरित्रकाराची अपेक्षा अशी कीं आम्हीं त्याला कर्णाहून मोठा मानावें.

दुसरी गोष्ट सोबत्यांची. गनिमी युद्ध हा एकट्याचा खेळ नव्हे. सेनानी रानांत असतो, पण त्याचें धान्य गांवांत असतें. गांवांतील एका म्हाताऱ्यानें तोंड उघडलें तर सारी टोळी बुडते. यामुळें खऱ्या गनिमी सेनानीच्या आठवणी नेहमीं दुसऱ्यांच्या नांवांनीं भरलेल्या असतात: अमक्यानें भात दिला, तमक्यानें नाव दिली, अमकी पकडली गेली पण बोलली नाहीं. स्पेन्स यांच्या ग्रंथांत दुसरीं माणसें येतात तीं बहुधा नायकाकडे पाहण्यासाठीं येतात. नाटकांत राजाच्या मागें चवरी ढाळीत उभीं असलेलीं माणसें जशीं असतात, तशी त्यांची योजना आहे. ज्या सेनानीवर कोणाचेंच ऋण नाहीं, तो सेनानी नव्हे, असें आम्ही म्हणूं.

तिसरी गोष्ट साध्या गणिताची. मार्कोस यांच्या पराक्रमामुळें बाटानचा पाडाव तीन महिने लांबला, असें या वीरकथेच्या प्रचारांत वारंवार सांगितलें जाई. आतां बाटानचा लढा जानेवारीच्या आरंभीं सुरू झाला व ९ एप्रिलला संपला, म्हणजे तो एकंदर तीन महिनेच चालला. मग या विधानाचा अर्थ असा होतो कीं, त्या द्वीपकल्पावर हजारों माणसें उपाशीं, तापानें फणफणत लढलीं तीं कांहींच लढलीं नाहींत. सारा लढा एका तरुण लेफ्टनंटनें लढविला. अतिशयोक्ति हा अलंकार आहे खरा, पण तो दुसऱ्यांच्या अंगावरून काढून घातलेला असला तर त्याला अलंकार म्हणत नाहींत. पदकांच्या संख्येचेंहि तसेंच. कोणी सत्तावीस सांगतो, कोणी बत्तीस, कोणी तेहतीस. खरें पदक मोजतां येतें. त्याला तारीख असते, आज्ञापत्र असतें, देणाऱ्याची सही असते. ज्या पदकांची बेरीज सांगणाऱ्याबरोबर बदलते तीं पदकें छातीवर नसून जिभेवर असतात.

आतां दप्तराकडे वळूं. मार्कोस हे बाटानवर एकविसाव्या डिव्हिजनमध्यें गुप्तवार्ता खात्याचे अधिकारी होते व कैदेंत पडले होते, हें खरें आहे. त्यांनीं कैदेचें दुःख भोगलें हें नाकारणें अन्यायाचें होईल. युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत ते उत्तर लुझॉनमधील अमेरिकन कर्नल व्होल्कमन यांच्या सैन्यांत होते, व तेथें त्यांच्याकडे मुलकी व्यवहारांचें काम होतें. परंतु युद्धानंतर त्यांनीं 'महार्लिका' सेनेला अधिकृत मान्यता मागितली तेव्हां अमेरिकन लष्करानें चौकशी केली, आणि हा दावा खोटा आहे असा स्पष्ट निर्णय १९४८ च्या सुमारास दिला. ते कागद पुढें सुमारे पस्तीस वर्षें दप्तरांत पडून राहिले. मधल्या काळांत मार्कोस लोकसभेंत गेले, सेनेटांत गेले. आणि त्यांचीं बरींचशीं पदकें युद्ध संपून जवळजवळ वीस वर्षें लोटल्यावर, १९६३ सालीं, त्यांच्या नांवावर जमा झालीं. स्पेन्स यांचें पुस्तक त्यानंतर लागलीच निघालें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

या कथेला प्रथम हात घातला तो एका माजी लष्करी अधिकाऱ्यानें. बॉनिफासिओ गिलेगो यांनीं मार्कोस यांच्या युद्धपराक्रमाची दुसरी बाजू शोधून काढली, व १९८२ च्या नोव्हेंबरांत मनिलाच्या 'वी फोरम' या पत्रानें ती प्रसिद्ध केली. डिसेंबरांत त्या पत्राच्या कचेरीवर धाड पडली, छापखाना बंद झाला, आणि संपादक होसे बुर्गोस व त्यांचे सहकारी यांना अटक झाली. दोन वर्षांनीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्या धाडीचीं वॉरंटें बेकायदा ठरविलीं. मध्यंतरीं १९८३ सालीं 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्रानेंहि या पदकांची छाननी करून शंका उघड केली होती. पुढें आल्फ्रेड मॅकॉय या इतिहाससंशोधकाला अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत ते जुने चौकशीचे कागद सांपडले, व १९८६ च्या जानेवारींत, फिलिपाइन्समधील निवडणूक दोन आठवड्यांवर आली असतां, 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ते जगापुढें मांडले. पुढल्या महिन्यांत मार्कोस यांना देश सोडून हवाईला जावें लागलें. तेथेंच १९८९ सालीं त्यांचें देहावसान झालें. २०१६ सालीं, त्यांना मनिलाच्या वीरभूमींत पुरावें कीं नाहीं असा वाद उभा राहिला असतां, त्या देशाच्या राष्ट्रीय इतिहास मंडळानें सारे कागद पुन्हां तपासले. अमेरिकन पदकें मिळाल्याच्या दाव्याला आधार नाहीं आणि महार्लिका सेनेला व तिच्या नेतृत्वाला अधिकृत मान्यता कधींच मिळालेली नव्हती, असा निष्कर्ष मंडळानें काढला. तरीहि न्यायालयाच्या बहुमतानें परवानगी दिली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांना तेथें पुरण्यांत आलें.

'महार्लिका' या शब्दावर येथें थोडें थांबावेंसें वाटतें, कारण त्याचें आपल्याशीं नातें आहे. हा शब्द संस्कृत 'महर्द्धिक' यापासून मलायी भाषांच्या वाटेनें त्या बेटांवर गेला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. मलायींत स्वातंत्र्यवाचक 'मर्डेका' हा शब्दहि त्याच मुळाचा. सोळाव्या शतकांतील तागालोग समाजांत महार्लिका म्हणजे कर न देणारा, पण युद्धप्रसंगीं आपल्या नायकाबरोबर शस्त्र घेऊन जाणारा स्वतंत्र मनुष्य. तो राजा नव्हे. तो सोबत जाणारा होता. पुढें या शब्दाला राजकुलीन थोरवीचा अर्थ चिकटला. मार्कोस यांच्या अमदानींत एक महामार्ग त्या नांवाचा झाला, आणि देशाचेंच नांव बदलून महार्लिका ठेवावें अशीहि सूचना विधिमंडळांत आली. जो शब्द सोबत्याचा होता तो एकट्या नायकाचा झाला. या चरित्राचा सारा इतिहास आम्हांस या एका शब्दाच्या प्रवासांत सांठवलेला दिसतो.

येथें कोणी विचारील, कीं असेना का खोटें. नवस्वतंत्र राष्ट्राला स्फूर्ति हवी होती. १९४६ सालीं स्वातंत्र्य मिळालेल्या लोकांना एक शूर पुरुष दाखविला तर बिघडलें काय? हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. स्फूर्ति ही खरी गरज आहे, आणि शुष्क सत्यानें मुलांचीं मनें पेटत नाहींत हेंहि आम्हांस शिकवितां शिकवितां कळलें आहे. पण प्रश्न असा आहे, कीं त्या देशांत खरे वीर नव्हते काय ?

वेन्सेस्लाओ विन्झॉन्स यांचें उदाहरण घ्या. १९३५ ची राज्यघटना करणाऱ्या परिषदेंतील ते सर्वांत तरुण सभासदांपैकीं एक. जपानी आले तेव्हां कामारिनेस नोर्ते प्रांतांत त्यांनीं प्रतिकार उभारला, १९४२ च्या जुलैंत ते पकडले गेले, शरण येण्याचें नाकारलें, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आंत मारले गेले. त्यांचें प्रेतहि मिळालें नाहीं. त्यांच्या जन्मगांवाला पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें, एवढेंच त्यांचें पदक. लेटे बेटावरील रुपेर्तो कांग्लेऑन यांचें चरित्र पाहा. वयाची पन्नाशी उलटलेला हा अधिकारी जपान्यांच्या कैदेंतून निसटून आपल्या बेटावर परत आला, तेव्हां तेथील टोळ्या आपापसांतच भांडत होत्या. त्या भांडणाऱ्यांना एकत्र आणणें हा त्यांचा मोठा पराक्रम. मॅक्आर्थर यांनीं १९४४ सालीं त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हें पदक दिलें, तें लेटेच्या भूमीवर, सर्वांसमक्ष. त्याला साक्षीदार शोधावे लागले नाहींत.

आणि हेसूस व्हियामोर ! हा वैमानिक १९४१ च्या डिसेंबरांत जुनाट विमान घेऊन जपानी विमानांच्या थव्यावर चालून गेला, व पुढें १९४३ च्या जानेवारींत पाणबुडींतून नेग्रोस बेटावर गुप्तपणें उतरून गनिमी टोळ्यांचा दुवा बनला. त्यांच्या आठवणींचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ सालीं, म्हणजे 'वी फोरम'वर धाड पडली त्याच वर्षीं, निघालें. त्याचें नांव 'दे नेव्हर सरेंडर्ड', म्हणजे ते शरण गेले नाहींत. वाचकांनीं त्या नांवांतील सर्वनामाकडे लक्ष द्यावें. स्वतः पदकविभूषित असलेला मनुष्य आपल्या पुस्तकाला 'ते' असें अनेकवचनी नांव देतो. खऱ्या वीराला आपल्याबरोबर कोण होतें हें विसरतां येत नाहीं. खोट्या वीराला आठवावें असें कोणी नसतेंच.

तेव्हां स्फूर्तीसाठीं खोट्याची गरज होती हें म्हणणें टिकत नाहीं. उलट खोट्यानें खऱ्याची जागा घेतली, हा आमचा मुख्य आरोप आहे. युद्धानंतर सुमारे बारा-तेरा लाख माणसांनीं आपण गनिमी सैनिक होतों असा दावा केला. त्यांपैकीं सुमारें दोन लाख साठ हजारांना मान्यता मिळाली. उरलेल्या दहा लाखांत लुच्चे किती होते आणि ज्याच्या सेनानीनें नांवें लिहून ठेवलीं नाहींत किंवा ज्याचा सेनानीच मारला गेला असे प्रामाणिक किती होते, हें आतां कोण सांगणार ? एक गोष्ट मात्र उघड आहे. प्रत्येक बनावट यादी खऱ्या शिपायाच्या अर्जाकडे संशयानें पाहावयास लावीत होती. त्यांतच १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून फिलिपिनो शिपायांना कबूल केलेले बहुतेक हक्क काढून घेतले. त्यांना एकरकमी मोबदला मंजूर झाला तो २००९ सालीं. अमेरिकेचे नागरिक झालेल्यांस पंधरा हजार डॉलर, इतरांस नऊ हजार. तोंवर बहुतेकांनीं जगाचा निरोप घेतला होता. ज्याच्यापाशीं लिहिणारा नव्हता त्याचा अर्ज धूळ खात पडला, आणि ज्याच्यापाशीं लिहिणारा होता तो अध्यक्ष झाला.

चरित्र फसवें निघाल्यास काय जातें, या आरंभींच्या प्रश्नाचें दुसरें उत्तर त्या अध्यक्षपदांत आहे. १९६५ च्या निवडणुकीपूर्वीं याच जीवनकथेवर एक चित्रपट निघाला. त्याचें प्रदर्शन थांबविण्यांत आल्यानें नायकाविषयीं सहानुभूति वाढली, व निवडणूक जिंकली गेली. १९७२ सालीं लष्करी कायदा जारी झाला. त्या अमदानींतील छळाबद्दल भरपाई देण्यासाठीं पुढें २०१३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्याखालीं अकरा हजारांहून अधिक माणसें पीडित म्हणून मान्य झालीं. एका पुस्तकानें हें सारें घडविलें असें आम्ही म्हणत नाहीं. राज्यें इतक्या सोप्या रीतीनें उभीं राहत नाहींत. परंतु ज्याला कथेंत कधीं चूक करतां आली नाहीं, त्याला सिंहासनावर बसल्यावर चूक दाखविणारा पत्रकार शत्रु वाटला, यांत नवल तें काय ? स्तुतिचरित्र हें वाचकाला फसवितेंच. पण त्याहून अधिक तें नायकाला बिघडवितें.

मग दोष कोणाचा ? नायकाचा आहेच. पण समीक्षकानें लेखकाला जाब विचारावयाचा असतो. ज्या स्पेन्स यांनीं स्वतःच्या बापाला हाडामांसाचा माणूस म्हणून रंगविलें, त्यांनींच परक्या मनुष्याला दैवत केलें. बाप त्यांनीं जवळून पाहिला होता. नायक त्यांना त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकावा लागला. जो चरित्रकार नायकाच्या तोंडून ऐकलेलें नायकाच्या सोबत्यांना आणि शत्रूंना विचारून पाहत नाहीं, तो चरित्रकार नसून लेखनिक आहे. आमच्याकडे कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा आरंभ करतांना बखरींवर जो कोरडा ओढला तो याच कारणासाठीं. बखर रसाळ असते, अस्सल कागद रुक्ष असतो. पण रसाळ बखरीला रुक्ष कागदाचा आधार मागणें हें इतिहासाचें पहिलें कर्तव्य आहे, हें त्यांनीं आपल्याला शिकविलें. तो धडा आपण इतिहासकारांसाठीं ठेवला, आणि चरित्रांना मात्र त्यांतून सूट दिली.

त्या देशाचा आणखी एक गनिमी सैनिक मराठी घरांना नांवानें परिचित आहे. युद्धापूर्वीं मोटारीच्या कंपनींत कारागीर म्हणून राबलेले रॅमन मॅगसेसे झांबालेस प्रांतांत जपान्यांविरुद्ध लढले, आणि लोकसभेंत गेल्यावर १९४८ सालीं आपल्या गनिमी सोबत्यांच्या हक्कांसाठीं वॉशिंग्टनला जाऊन भांडले. पुढें ते अध्यक्ष झाले व १९५७ च्या मार्चमध्यें विमान-अपघातांत निवर्तले. त्यांचेंहि एक चरित्र १९५६ सालीं निघालें होतें, आणि तेंहि स्तुतीपासून मुक्त नाहीं. पण त्यांचें नांव आपल्या ओठांवर आहे तें त्या चरित्रामुळें नव्हे. त्यांच्या नांवें सुरू झालेला पुरस्कार पहिल्याच वर्षीं, १९५८ सालीं, आचार्य विनोबा भावे यांना मिळाला, पुढें १९८५ सालीं बाबा आमटे यांना मिळाला, म्हणून तें आपल्याला ठाऊक आहे. एका माणसाचें नांव दुसऱ्यांचें कार्य उजेडांत आणीत राहतें. दुसऱ्याचें नांव दुसऱ्यांचें कार्य झांकून टाकतें. हे दोघेहि एकाच युद्धांतून आलेले.

मुलांच्या हातीं वीरचरित्र देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही स्वतः तें देत आलों आहोंत व पुढेंहि देऊं. फक्त देण्यापूर्वीं वडीलमाणसानें तें स्वतः वाचावें, आणि वाचतांना तीन गोष्टी पाहाव्या: हा वीर कधीं भ्याला काय, कधीं चुकला काय, आणि त्याच्याबरोबर कोण होतें त्यांचीं नांवें लेखकानें सांगितलीं आहेत काय. ज्या पुस्तकांत या तिहींची उत्तरें सांपडतील तें नि:शंकपणें मुलाच्या उशाशीं ठेवावें. ज्यांत सांपडणार नाहींत तेंहि ठेवण्यास हरकत नाहीं; मात्र तें चरित्रांच्या फळीवर न ठेवतां अद्भुतकथांच्या फळीवर ठेवावें. आमच्याकडील स्पेन्स यांची प्रत आम्हीं तेथेंच हलविली आहे, व तिच्या रिकाम्या झालेल्या जागीं व्हियामोर यांचें पुस्तक ठेवलें आहे.